लाइन चेक आणि मिलिंदची गाणी

त्या पोस्टचं नाव मी लिहीत नाही. उत्तरेकडची होती, उंच होती, आणि वर्षातला बराच काळ बर्फाखाली असायची, एवढं पुरे. माझी तिथे बदली झाली तेव्हा मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार होतो. काम सरळ होतं. एका बंकरमध्ये टेलिफोन एक्सचेंज. तिथून प्रत्येक बंकरला आणि सगळ्यात वरच्या ओपीला, म्हणजे टेहळणीच्या खोपटाला, काळ्या तारेची लाइन गेलेली. ती लाइन जिवंत ठेवायची. जळकोटला चहाच्या टपरीवर आजही कुणीतरी विचारतंच, "फौजी, किती गोळ्या झाडल्या?" मी सांगतो, "गोळ्या कमी, तारा जास्त." विचारणाऱ्याचा हिरमोड होतो आणि तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी पोस्टवर पोचलो त्या दिवशी चढण चढून छातीचा भाता झाला होता. एक्सचेंजच्या बंकरमध्ये वाकून शिरलो. आत बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, धडधडत होती आणि तिच्यापाशी एक सडपातळ नायक स्विचबोर्डसमोर बसला होता. कानाला हँडसेट, मांडीवर एक चपटा, काडेपेटीएवढा प्लेअर. उठून सावधान झाला.

"जय हिंद, उस्ताद. नायक मिलिंद सोनकांबळे. गाव कोणतं तुमचं?"

"जळकोट."

"मंग आपलेच की! मी नांदेडचा. बसा. आन हाल कसा हाय?"

"डोकं दुखून राहिलंय."

त्याने क्षणभर विचार केला, प्लेअरचं बटण दोन-चारदा दाबलं आणि प्लेअर माझ्या कानाला लावला. बायका गात होत्या. लमाणी बोली, ताल कसला तर विटा एकमेकींकडे फेकल्याचा. मागे कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत होता. नांदेडच्या बाहेर एका वीटभट्टीवर त्याने सुट्टीत जाऊन ते रेकॉर्ड केलं होतं.

"ह्यानं डोकं थांबतं का?" मी विचारलं.

"थांबत न्हाई. दुखायला सोबत मिळती."

माणूस अर्धा खुळा आहे असं मी मनात ठरवलं. डोकं मात्र पुढच्या चहापर्यंत जरा हलकं झालं, हे कबूल करायला पाहिजे.

फौजेत गाणी ऐकतात ती सगळ्यांना पाठ असलेली. मिलिंदला त्यांचं वावडं होतं. "जे सगळ्यायला पाठ हाय ते ऐकायला कान कशाला लागतेत?" असं म्हणायचा. त्याच्या मेमरी कार्डात जे होतं ते बाजारात मिळणारं नव्हतं. नांदेडच्या शेजारच्या गल्लीतल्या एका खालाने ढोलकवर म्हटलेली दखनी लग्नगीतं. देगलूरच्या बाजारात एक आंधळा म्हातारा तेलुगूत गायचा, तो. उदगीरचा एक ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत कन्नड भजन म्हणायचा, तो. वरातीतल्या बेंजोवाल्याने वरात संपल्यावर, कुणी ऐकत नसताना, स्वतःसाठी वाजवलेला तुकडा. पोस्टवर आलेल्या प्रत्येक पलटणीच्या पोरांकडून मागून घेतलेलं त्यांच्या त्यांच्या गावचं काहीतरी. आणि कुठल्या तरी थंड मुलुखातला एक माणूस, जो घशातून एकाच वेळी दोन आवाज काढायचा. तो कुठल्या देशाचा हे मिलिंदलाही माहीत नव्हतं. हळदीच्या अडतीत बोली बोलणाऱ्या माणसाचा आवाजसुद्धा होता. मी म्हटलं, हे गाणं कसलं रे? तर म्हणे, "उस्ताद, ह्याला ताल हाय का न्हाई? दम हाय का न्हाई? मंग अजून काय पाहिजे?"

सकाळी स्टँड-टू झाला, म्हणजे सगळे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभे राहून मोकळे झाले, की लाइन चेक असायचा. एक्सचेंजने हँडल फिरवून प्रत्येक बंकरला घंटी द्यायची. पलीकडून "ऑल ओके" आलं की पुढची घंटी. नियम एवढाच. मिलिंदने त्यात स्वतःचं शेपूट जोडलं होतं. "ऑल ओके" आलं की तो विचारायचा, "आन हाल?" पलीकडचा जवान एका वाक्यात हाल सांगायचा आणि मिलिंद हँडसेट प्लेअरला लावून त्या हालाला साजेसं काहीतरी ऐकवायचा. चहाचा एक घोट घेऊन होईल तेवढंच.

त्याचं औषध उलटसुलट असायचं. सुट्टी रद्द झालेल्याला दुःखी गाणं कधीच नाही. त्याला अडतीतली बोली. त्या बोलीच्या वेगात माणूस रडणं विसरून भाव ऐकायला लागायचा. राशनमध्ये पुन्हा चण्याची डाळ आली की लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या, बंकरला बेंजो. घरून निरोप नाही आला, तर दखनी लग्नगीत, कारण त्यात नवरीच्या सासूला इतक्या गोड शिव्या होत्या की आपलं घर बरं वाटायचं. नवा बाप झालेल्या एका गढवाली पोराला त्याने त्या थंड मुलुखातल्या माणसाचा घसा ऐकवला. पोरगं म्हणालं, "ये क्या है, नायक साहब?" मिलिंद म्हणाला, "बच्चा रात को ऐसे ही रोएगा. आदत डाल ले." ते पोरगं पुढे महिनाभर तेच मागत होतं.

कंपनी कमांडर मेजर साहेब दक्षिणेकडचे. फार बोलत नसत. एकदा मिलिंदने चुकून त्यांच्या लाइनवर वीटभट्टीच्या बायका सोडल्या. मी प्लेअर बंद करायला हात पुढे केला. मग साहेब म्हणाले, "किसने गाया?"

"सर, ईंट भट्ठे की औरतें हैं. नांदेड की."

"हं." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लाइन चेकला साहेबांनी "ऑल ओके" म्हटलं आणि ठेवला नाही. वाट बघत राहिले. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्याने विचारलं, "सर, हाल?" साहेब म्हणाले, "कल जैसा." त्या दिवसापासून ती पोस्टची रीत झाली.

ओपीवर शिपाई बालाजी गुट्टे असायचा. अहमदपूर तालुक्यातला, शेतकऱ्याचा पोरगा, अंगाने दांडगा, मनाने गरीब. ड्यूटीवर डोळ्यात तेल घालून बसणारा, पण ड्यूटी संपली की उभ्या उभ्या झोपणारा. त्याला शांत, संथ भजनं आवडायची आणि अर्ध्या भजनात तो घोरायचा. घशातून गाणाऱ्यावर त्याचा विशेष राग. "त्यो गाऊन राहिलाय का वकून राहिलाय?" असं फोनवर ओरडायचा. मिलिंद मग मुद्दाम तेच लावायचा. दोघांचं दिवसभर हेच. नांदेड मोठं का लातूर मोठं, यावर तर त्यांचं भांडण कधीच मिटलं नाही. मी जळकोटचा म्हणून मला पंच करायचे आणि मग दोघं मिळून पंचालाच शिव्या घालायचे.

त्या हिवाळ्यात बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. बालाजीचा ओपीवरचा जोडीदार पोटदुखीने खाली आला होता. त्याच्या जागी दुसरा जवान हवा उघडली की वर जाणार होता. हवा उघडली नाही. सकाळी स्टँड-टू संपला आणि वरच्या उतारावरून एक जड, बसका आवाज आला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मिलिंदने ओपीला घंटी दिली. पुन्हा दिली. मग हँडसेटमध्ये खरखर झाली.

"बालाजी, रिपोर्ट."

"दार उघडंना भाऊ. छप्पर खाली आलंय. पाय अडकलाय." आवाज संथ होता. त्या संथपणाचीच भीती वाटली.

"बुखारी?"

"इझवली. धूर कोंडून राहिला व्हता."

"श्वास घेता येतो का?"

"येतो. थंडी लई हाय. झोप येऊन राहिली."

मेजर साहेब एक्सचेंजमध्ये आले. सुभेदार साहेबांना हुकूम झाला: फावडी, दोर, स्ट्रेचर, रेस्क्यू पार्टी ताबडतोब. सरळ वाटेवर बर्फ भरलेला, त्यामुळे पार्टीला डोंगराच्या धारेवरून वळसा घेऊन जावं लागणार होतं. नर्सिंग असिस्टंट निघताना दारातून एवढंच म्हणाला, "उसको सोने मत देना. सो गया तो गया."

बालाजीला पार्टी पोचेपर्यंत जागं ठेवायचं. त्या दिवशी आमच्या एक्सचेंजचं काम एवढंच उरलं, आणि बालाजीला झोपेपासून रोखणं काय चीज आहे हे आम्हा दोघांइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी पटकन म्हणालो, "त्याचं भजन लाव. धीर येईल."

मिलिंदने मान हलवली. "उस्ताद, भजन लावलं की घोरंल त्यो. आज त्याला आवडंल ते काहीच लावायचं न्हाई."

आणि त्याने त्या थंड मुलुखातल्या माणसाला लावलं. पूर्ण आवाजात.

हँडसेट प्लेअरला घट्ट दाबून धरला. मग पलीकडून बालाजीची पहिली शिवी आली. अशी अस्सल शिवी की बंकरमधले सगळे हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिवी देतो म्हणजे जिवंत आहे. मिलिंदने मग एकेक त्याच्या नावडीचं काढलं. अर्धवट तुटलेला बेंजो. अडतीतली बोली, पण लातूरचा भाव नांदेडपेक्षा कमी आहे अशी पुस्ती जोडून. मधे मधे स्वतः विचारायचा, "बालाजी, लातूरला प्यायला पाणी तरी मिळतं का रे?" आणि बालाजी दात वाजवत उत्तर द्यायचा. मेजर साहेब दुसऱ्या हँडसेटवर ऐकत होते.

"गाली दे रहा है?"

"जी सर, दे रहा है."

"बहुत बढ़िया. चालू रखो."

असं किती वेळ चाललं, सांगता येणार नाही. मग बालाजीच्या बोलण्याच्या मधोमध लाइन तुटली. खरखर नाही, काही नाही. मिलिंदने हँडल फिरवलं. हँडल हलकं फिरलं. तारेवर पलीकडे ओझं नसलं की ते तसं फिरतं. आम्हा दोघांना एकदम कळलं.

"वरून बर्फ सरकला असंल. तार ओढून नेली," मिलिंद म्हणाला. तो उठून बूट आवळायला लागला होता.

सिग्नलमध्ये तुटलेल्या लाइनवर लाइनमन जातो. ते मिलिंदचं काम होतं आणि त्या उतारावर तार कुठून कशी गेली आहे हे त्याच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. मी मेजर साहेबांकडे परवानगी मागितली. त्यांनी बाहेर उताराकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. "जोड़ी में जाओ. रस्सी बांधो. जोड़ के सीधा वापस."

"जी सर."

सोबत लान्स नायक थापा होता. मिलिंदने तारेची रील, चिमटा आणि तारेला कुठेही जोडता येणारा टेस्ट फोन घेतला आणि प्लेअर माझ्या हातात दिला. "लाइन आली की चालू करा, उस्ताद. भजन लावायचं न्हाई बरं का. शपथ हाय."

ते दोघं पांढऱ्यात दिसेनासे झाले. मी वॉकीटॉकी धरून बसलो. बऱ्याच वेळाने मिलिंदचा आवाज आला.

"एक्सचेंज, लाइन पार्टी. ब्रेक मिळाला. ओपीची साइड जिवंत हाय. बोलून राहिलाय बालाजी. ओव्हर."

"रॉजर. एक्सचेंजची साइड?"

"खाली वाहून गेली. थापा दोर सोडून खाली उतरून ओढून आणतोय. तवर मी त्याला धरून ठेवतो. आऊट."

धरून ठेवतो म्हणजे फोनवर. मला वाटलं, बोलत असेल, चिडवत असेल. ब्रेकपाशी, म्हणजे तार तुटली होती तिथे, त्याच्याजवळ गाणी नव्हती. ती सगळी माझ्या मांडीवर होती.

मग बोर्डावरची ओपीची पट्टी खाली पडली. घंटी आली. मी हँडसेट उचलला आणि बालाजीचा श्वास ऐकू आला. लाइनवर मधेच मिलिंदही होता, टेस्ट फोन लावून.

"उस्ताद, जोडली. आता तुमी सांभाळा. त्यो घशावाला लावा, त्यो."

"मिलिंद, वापस ये. आत्ताच्या आत्ता."

"हाव, निघालोच."

मी घशावाल्याला लावलं. बालाजीची शिवी आली. मेजर साहेबांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि तेवढ्यात पुन्हा तो जड, बसका आवाज आला. लाइन या वेळी तुटली नाही. मिलिंदने तार खडकाच्या कडेने, आडोशाने नेली होती. वाटेवरून परत येणारे ते दोघं तेवढे उघड्यावर होते.

दोर तुटला. थापा बाजूच्या खडकावर फेकला गेला आणि वाचला. मिलिंद नाही.

मी लाइन सोडली नाही. सोडता येत नव्हती. वॉकीटॉकीवर थापा ओरडत होता, इकडे हँडसेटमध्ये बालाजी विचारत होता, "मिलिंदभाऊ पोचला का?" मी म्हणालो, "पोचला." ती थाप मी पुन्हा दहादा मारीन. त्याला सांगितलं असतं तर तो डोळे मिटून पडला असता. दुपार उलटल्यावर रेस्क्यू पार्टीची फावडी छपरावर वाजली आणि त्याला बाहेर काढलं. मिलिंद दुसऱ्या दिवशी सापडला. टेस्ट फोन गळ्यात होता.

बालाजीच्या पायाची बोटं गेली. फौजेतून तो लवकर सुटला. आता अहमदपूरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. मी पेन्शनवर आलो आणि जळकोट-अहमदपूर अशी प्रवासी जीप चालवतो. माझ्या जीपमध्ये नेहमीची गाणी वाजत नाहीत, अशी सगळ्यांची तक्रार असते. लातूरच्या दवाखान्यातून परतणारे असले तर मी त्यांना वेगळं लावतो, आठवडी बाजारात कोंबडी विकून आलेल्या बाया असल्या तर वेगळं. एकदा एक म्हातारी म्हणाली, "ड्रायव्हर, हे काय लावून राहिला? पण राहू दे." त्या "राहू दे"साठी मी पेट्रोल जाळतो.

दर वर्षी मी आणि बालाजी नांदेडला मिलिंदच्या मायकडे जातो. रेल्वेच्या बाजूला एका अरुंद गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर आहे. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि वर्दीतला मिलिंद. ती आम्हाला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढते, पोरांची चौकशी करते आणि त्या दिवसाबद्दल कधीच विचारत नाही. बालाजीही कधी बोलला नाही. ब्रेकपाशी बसून मिलिंद त्याच्याशी काय बोलला हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो उठून दुकानातली पोती नीट लावायला गेला.

या वर्षी जेवण झाल्यावर मायने हात पुसले आणि सरळ बालाजीसमोर येऊन बसली.

"लेकरा, मी आता म्हातारी झाले. लाइन तुटली तवा माझा मिलिंद तुझ्यासंगं व्हता म्हणतेत. काय बोलला तुला?"

बालाजी खाली बघत राहिला.

"बोलला न्हाई माय. गायला."

"कोण? मिलिंद?"

"हाव."

मायने माझ्याकडे पाहिलं. मीही चाट पडलो होतो. जगभरची गाणी जमवणारा मिलिंद स्वतः कधी गुणगुणलासुद्धा नव्हता. त्याला सूर नव्हता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"झोप लागूनच राहिली व्हती मला," बालाजी म्हणाला. "त्याच्याजवळ मशीन नव्हतं. मंग म्हणला, थांब, तुला असं गाणं ऐकवतो, ते कुणाच्याच कार्डात न्हाई. आन गायला. लई बेसूर, माय. लई मोठ्यानं. एकच गाणं, परत परत. मला इतका राग आला की मी जागा राहिलो. माझ्यासाठी गात बसला त्यो. तुम्हाला कसं सांगावं, म्हणून इतके वर्सं..."

"कोणतं गाणं?" मायने विचारलं.

बालाजीने डोळे पुसले आणि, त्यालाही सूर नाही, तसंच म्हटलं:

"उठ रं उठ, नळाला पानी आलं,
सगळ्या गल्लीनं भरलं, आपलंच मागं ऱ्हालं.
घागर कोरडी, रांजण रिता..."

"पुढं येत न्हाई माय. प्रत्येक वेळी इथंच आला की खोकायचा आन पुन्हा पहिल्यापासून सुरू. मंग तार जोडली."

मायचा चेहरा मी आधी वाचूच शकलो नाही. मग ती हसायला लागली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"माझंच गाणं ते. मीच जोडलेलं. पहाटं कवातरी नळ यायचा, आन हे तिघं पोरं मढ्यावानी झोपायचे. हे म्हणलं की तडातडा उठायचे. मिलिंदला पाठच व्हायचं न्हाई. उलटं म्हणायचा, आन उलटं म्हणलं की पुढची ओळ बसतच न्हाई त्याच्यात. म्हणून थांबायचा लेकरू." तिने पदर नीट केला, पाठ ताठ केली आणि बालाजीला म्हणाली, "ऐक. नीट ऐक. असं हाय ते."

आणि ती गायली. मोकळ्या, खणखणीत आवाजात, भर दुपारी.

"उठ रं उठ, नळाला पानी आलं,
सगळ्या गल्लीनं भरलं, आपलंच मागं ऱ्हालं.
रांजण कोरडा, घागर रिती,
झोपणाऱ्याला सांगा, पानी थांबतं किती?"

बालाजी शेवटची ओळ ओठांत पुन्हा म्हणत होता. तेवढ्यात समोरच्या घराचं दार धाडकन उघडलं. एक बाई दोन्ही हातांत घागरी घेऊन घाईघाईने उंबऱ्याशी आली. तिच्यामागे आणखी एक, बादली घेऊन.

"माय, नळ आला का? लई वर्सांनी तुमचं गाणं ऐकू आलं, म्हणून पळत आले."

माय उठली आणि दारापर्यंत गेली.

"न्हाई गं बाई, नळ न्हाई आला," ती म्हणाली. "मिलिंदचा दोस्त आलाय. त्याला गाणं शिकवून राहिले."